गावातली भयकादंबरी: वाचकांचं कुठलं म्हणणं धरायचं, कुठलं सोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंधुदुर्गातल्या एका गावात घडणारी भयकादंबरी, ७२ हजार शब्द, म्हणजे डेमी आकारात साधारण २६० पानं. मुंबईहून आलेला नातू संदेश, बंद पडलेलं घर, परसातली विहीर आणि बाळंतपणात मेलेली एक बाई. हस्तलिखित नऊ जणांनी वाचलं आणि नऊ तऱ्हांचं बोलले. सुरुवात संथ आहे, शेवट गुंडाळलाय, भूत दाखवायला नको होतं, भूत पुरेसं दिसलंच नाही, बोली जड जाते, हा माणूस गाव सोडून का जात नाही, यातून अंधश्रद्धा पसरते. यातलं काय ऐकायचं?

वाचकाला आपण कुठे घाबरायचं थांबलो हे बरोबर कळतं. का थांबलो हे सहसा कळत नाही, आणि त्यावर उपाय सुचवायला लागला की तो जवळजवळ नेहमी चुकतो. तो ज्या पानावर बोट ठेवतो त्याच्या वीस ते चाळीस पानं आधी दोष असतो. गावातल्या भयकथेत तर हा दोष बहुतेक वेळा भुतात नसतोच. गाव कच्चं राहिलेलं असतं, आणि कच्च्या गावात भूत उभं राहत नाही. तुमच्या नऊ प्रतिक्रियांपैकी निदान पाच अशा गावाच्याच तक्रारी आहेत, फक्त त्या भुताच्या नावाने आल्यात.

आधी वर्गवारी करा. वहीत तीन रकाने आखा: पान क्रमांक, वाचकाचे नेमके शब्द, आणि तक्रारीची जात. जाती तीनच. वस्तुस्थितीची चूक, कंटाळा, अविश्वास. वस्तुस्थितीची चूक एकाने दाखवली तरी पुरे, तपासा आणि दुरुस्त करा. कंटाळा आणि अविश्वास यांच्यासाठी मात्र तिघांनी एकमेकांशी न बोलता दहा पानांच्या टप्प्यात तेच म्हटलेलं असायला हवं. एकट्यादुकट्याचा कंटाळा सोडून द्या, कदाचित त्या दिवशी त्याची झोप झाली नसेल. 'आवडलं नाही', 'मस्त आहे' असल्या शेऱ्यांना रकानाच नाही.

'सुरुवात संथ' चौघांनी म्हटलंय, म्हणून पहिली ४५ पानं तपासली. तिथे काही घडत नाही असं नाही. अडचण अशी की त्या पानांत संदेश सोडून कुणालाच काही हवं नाहीये. काकी चहा देते, शेजारी विचारपूस करतो, गुरव देवळात दिसतो, सगळे जणू त्याच्या येण्याचीच वाट बघत बसलेत. खरं गाव असं नसतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या घराची चावी ज्याच्याकडे आहे त्याने त्या घराच्या पडवीत स्वतःची शेणी-लाकडं रचलेली असतात. परसातले नारळ कुणीतरी उतरवत असतो. सामाईक जमिनीत कुणाची तरी कलमं लागलेली असतात. म्हणजे संदेश येणं ही निदान तिघांची अडचण आहे. तेवढं पान ८ ते १५ मध्ये आणा. एकही भुताटकी न वाढवता 'संथ' ही तक्रार निम्म्याने कमी होईल, कारण वाचक माणसांवर संशय घ्यायला लागेल. भयकादंबरीचा पहिला चतुर्थांश संशयावरच चालतो, भीती नंतर येते. पान ३ वर किंकाळी टाकण्याचा सल्ला तुम्हाला दोघांनी दिलाय. तो घेऊ नका.

आता प्रकरण ११. म्हातारा तात्या बारा पानं सलग बोलतो आणि १९७८ साली काय झालं ते सगळं सांगून टाकतो. 'मध्ये ढेपाळते' म्हणणाऱ्या तिघांची पानं ११८, १२४ आणि १२६ आहेत. कारण इथे मात्र आडवळणाचं नाही. एकाच माणसाला सगळं माहीत आहे, तो खरं बोलतो, आणि त्याला सांगण्याचा काही त्रासही होत नाही. ज्या गावाने एका बाईचं मरण चाळीस वर्षं झाकून ठेवलं, त्या गावात असा माणूस असूच शकत नाही. ती माहिती तिघांत वाटा. प्रत्येकाला एक तृतीयांश माहीत, आणि प्रत्येक जण एका गोष्टीबद्दल खोटं बोलतो, तेही स्वतःच्या वाट्याची लाज झाकण्यापुरतंच. उरलेलं कागदावर सोडा.

कागदाचं वजन मराठी भयकथाकार फार कमी वापरतात. गावात कागद असतात. तलाठ्याकडे फेरफार नोंदवही असते (गाव नमुना ६), वारसांची नोंद ६-क मध्ये, ग्रामपंचायतीकडे जन्म-मृत्यूची नोंद. संदेश तसाही वारस लावायलाच आलाय. त्याला फेरफारात दिसू दे की त्या बाईचं नाव मयत म्हणून कमी झालं, मृत्यूची तारीख १४ जून १९७८. चार प्रकरणांनंतर, दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या जन्मनोंदीच्या नकलेत त्याच बाईच्या नावापुढे मुलगा, जन्म २ सप्टेंबर १९७८. त्यावर एकही वाक्य लिहू नका. संदेशला घाम फोडू नका. त्याला ती नकल घडी करून खिशात ठेवू दे आणि ग्रामसेवकाला पैसे किती झाले ते विचारू दे. तात्याची बारा पानं जे करू शकली नाहीत ते या दोन तारखा करतील.

'गाव सोडून का जात नाही' हा प्रश्न सहा जणांनी विचारला. हा प्रकारच असा आहे की तो विचारला जातोच. तुमचं उत्तर पान १६० वर येतं ('आता मागे हटायचं नाही, त्याने ठरवलं'). ते उशिरा आलंय आणि मोघम आहे. धैर्य हे कारण वाचक मानत नाही, अडकलेलं काम मानतो. जमीन मोजणीची तारीख लागलीय आणि ती चुकली की पुन्हा कित्येक महिने थांबावं लागणार, सहहिस्सेदार तेवढ्याचीच वाट बघतोय. किंवा आईचं वर्षश्राद्ध याच घरात घालायचा शब्द दिलाय. कारण रोजच्या जगण्यातलं हवं, त्याला शेवटची तारीख हवी, आणि ते पान २० च्या आत सांगून झालेलं हवं.

मोबाईलचंही तसंच. 'नेमकी तेव्हाच रेंज गेली' हे वाक्य कापा. गावात रेंज कुठे येते हे सगळ्यांना पाठ असतं: शाळेमागचा चिऱ्यांचा ढीग, सड्यावरचं एक वळण. तो दगड पान १२ वर येऊ द्या, तिथे कुणी जावयाशी बोलतंय, कुणी गॅस सिलिंडर नोंदवतंय. मग पान १९० वर संदेशला फोन लावायचा असेल तर रात्री घर सोडून त्या दगडापर्यंत जावंच लागेल. अडचणीतूनच प्रसंग तयार होतो, सबब लागत नाही.

वस्तुस्थितीच्या चुका एका वाचकाने सहा दाखवल्यात. हा तुमचा सगळ्यात कामाचा वाचक आहे. त्याने सुटलेल्या आणखी काही दिसल्या, म्हणून जरा सविस्तर.

चंद्र. पान ८८ वर अमावास्येच्या आदल्या रात्री दहा वाजता माडांमागे कोर दिसते. ती दिसणार नाही. वद्य चतुर्दशीचा चंद्र पहाटे, सूर्योदयाआधी तासभर उगवतो. हिशेब सोपा आहे: पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. कृष्ण अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. संध्याकाळची कोर हवी असेल तर शुद्ध पक्षातली द्वितीया-तृतीया घ्या, आणि ती रात्री आठ-नऊपर्यंत मावळलेली असेल हेही धरा.

भरती. प्रकरण १७ मध्ये संदेश अमावास्येला मध्यरात्री खाडीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा चालत ओलांडतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, आणि कोकण किनाऱ्यावर त्या दिवसांत भरती दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास भरते. तो पट्टा तेव्हा पाण्याखाली असणार. समुद्राकाठचा कुठलाही वाचक इथे पुस्तक मिटेल. प्रसंग कृष्ण अष्टमीला हलवा. तेव्हा मध्यरात्री ओहोटी असते, पण ती भांगाची. भांगाचं पाणी फार चढत नाही तसं पुरतं उतरतही नाही, म्हणून पट्ट्यावर घोट्या-गुडघ्याएवढं पाणी राहू शकतं, आणि नेमका त्याच वेळी चंद्र उगवत असतो. तुमच्या मूळ प्रसंगापेक्षा हा चांगला झालाय, आणि तो फुकट मिळालाय. एखाद्या खऱ्या वर्षाचं पंचांग पुढ्यात घेऊन सगळ्या प्रकरणांना तिथी लावा, दोन तासांचं काम आहे.

ऋतू. गणपतीच्या दिवसांत तुम्ही काजवे दाखवलेत आणि भातकापणीही. काजव्यांचा मोसम मे अखेर ते जून, पाऊस धरायच्या आगेमागे. गणपतीत भात शेतात हिरवं उभं असतं, कापणी ऑक्टोबरात.

भुताची जात. तुमची बाई कुठे हडळ आहे, कुठे जखीण, एकदा तर समंध. गावाकडच्या वाचकासाठी ही वेगवेगळी आहेत. बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेली ती हडळ. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा तो मुंजा, पिंपळावरचा. बुडून मेलेला पाण्याकाठी भुलवतो तो गिऱ्हा. धनात किंवा घरात जीव अडकलेला, निपुत्रिक गेलेला तो समंध. एक नाव धरा. त्याहून बरं म्हणजे गावातल्या माणसांनी तिचं नाव घेणं टाळावं, 'विहिरीवरची' एवढंच म्हणावं.

आणि वेताळ. तुम्ही त्याला खलनायकांचा सेनापती केलंय. घाटावर ते चालून जाईल, पण दक्षिण कोकणात आणि गोव्यात वेताळ हा पुजला जाणारा ग्रामदेव आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या वहाणा वाहतात, रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो म्हणून. त्याला राक्षस करणं म्हणजे ज्या मुलखावर लिहिताय तो ओळखीचा नाही हे जाहीर करणं. उलट बाजूने बघा: राखणदार असूनही तो या एका घराच्या कुंपणाआत येत नाही, असं गुरवाने सहज बोलून जावं.

बोलीबद्दल दोन टोकांची मतं आलीत: जड जाते आणि खोटी वाटते. दोन्ही खरी आहेत. निवेदनात बोली आणि प्रमाण यांची मिसळ झालीय, म्हणून जड. संवादात मालवणीत मध्येच संगमेश्वरी वळणं शिरलीत, म्हणून खोटी. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा. संवाद मालवणीत ठेवा आणि क्रियापदं नीट सांभाळा, बोली तिथेच कळते. 'तो इलो काय?', 'तिन्हीसांजेक व्हाळाकडे जाव नको' ही वाक्यं घाटावरच्या वाचकालाही संदर्भाने समजतात, तळटीप लागत नाही. अनोळखी शब्द पानाला दोनापेक्षा जास्त नकोत. संवाद त्या भागातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या, तो अडखळला तिथे खूण करा.

'भीती वाटली नाही' यासाठी तुमचाच एक परिच्छेद घेतो, पान ९७:

'रात्रीचे बारा वाजले होते. सर्वत्र स्मशानशांतता पसरली होती. अचानक विहिरीतून काळीज चिरणारी एक भयानक किंकाळी आली. संदेशच्या अंगावर काटा आला. त्याला दरदरून घाम फुटला.'

पाच वाक्यांपैकी एक फक्त वेळ सांगतं, तीन वाचकाने काय वाटून घ्यायचं ते सांगतात. उरलेलं एक घडतं, आणि तेही या घराचं नाही, कुठल्याही विहिरीतून येऊ शकणारी किंकाळी. हे असं करून बघा:

'रहाटाचा आवाज आला. चार फेरे, मग थांबला. काकी पाणी काढतेय, संदेशने कूस बदलली. पाचवा फेरा. सहावा. कळशी काठावर टेकल्याचा आवाज काही येईना. मग त्याच्या ध्यानात आलं, रहाटाचा दोर दुपारी त्यानेच सोडवून पडवीत आणून ठेवला होता.'

यात एकही भयसूचक विशेषण नाही. आवाज रोजचा आहे, मोजता येतो, त्याला आधी साधं कारण मिळतं आणि मग ते कारण काढून घेतलं जातं. चावणारी माहिती शेवटच्या वाक्यात आहे आणि त्यानंतर प्रतिक्रिया नाही, प्रकरण तिथेच तोडायचं. पण हे चालण्यासाठी दोर सोडवल्याचा प्रसंग पंधरा-वीस पानं आधी हवा, आणि तोही रटाळ कारणाने: दोर झिजलाय, नवा आणायचा म्हणून लांबी मोजायला काढला. मी म्हटलं ना, दोष आधीच्या पानांत असतो. पान ९७ वर काहीही लिहिलं तरी पान ८० वर दोर सुटला नसेल तर भीती येणार नाही. 'अचानक', 'भयानक', 'स्मशानशांतता', 'अंगावर काटा' हे शब्द पूर्ण फाईलमध्ये शोधा. 'अचानक' ६१ वेळा आलाय. तीन ठेवा.

'भूत दाखवायला नको होतं' आणि 'दिसलंच नाही' ही मतं एकमेकांविरुद्ध वाटतात, पण मूळ एकच आहे. ती बाई काय करू शकते आणि काय नाही हे तुमचंच ठरलेलं नाही. ती विहिरीशी बांधलेली आहे असं पहिल्या भागात जाणवतं, आणि प्रकरण १९ मध्ये ती कणकवलीच्या एसटीत शेजारच्या सीटवर बसते. तिथे दोघांना हसू आलं. एक पान नियम लिहा, पुस्तकात छापायला नव्हे, स्वतःसाठी: ती कुठवर येते, केव्हा येते, तिला काय हवंय, आणि तीन गोष्टी ज्या ती कधीच करू शकत नाही. नियम मोडायचा असेल तर एकदाच, शेवटच्या चतुर्थांशात, आणि कुणी मोडवला हे दिसलं पाहिजे. संदेशने विहिरीतला तांब्या पिशवीत घातला असेल तर ती एसटीत येणं हसण्यावारी जाणार नाही.

अंधश्रद्धेचा आक्षेप एकानेच घेतलाय, पण तो झटकू नका. कादंबरीत भूत खरं असणं हा त्यातला मुद्दा नाही, ते वाचक कबूल करूनच पुस्तक उघडतो. मुद्दा प्रकरण १४ चा आहे: भगत एका जिवंत मुलीला खांबाला बांधून मिरचीची धुरी देतो, ती बरी होते, आणि निवेदक त्याला शहाणा ठरवतो. तुमची गोष्ट २०१९ सालची आहे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्यात नाव घेऊन गुन्हा ठरवलंय: सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. कादंबरी लिहायला कायदा आड येत नाही, पण २०१९ च्या गावात निदान एकाला तरी हे माहीत असणार आणि तो दबक्या आवाजात बोलणार. ते बोलणं नसल्याने प्रसंग खोटा पडतो. धुरी ठेवा, पण तिचा उपयोग होऊ नये. मुलीचे डोळे आठवडाभर सुजलेले असू द्या, तिच्या आईला पश्चात्ताप होऊ द्या. माणसांनी केलेलं हे कृत्य विहिरीवरचीपेक्षा भयंकर वाटेल, आणि आक्षेपही उरणार नाही.

याच ओघात प्रकरण २० मधला मृत्यू. विहिरीत प्रेत सापडतं आणि तिन्हीसांजेला दहन होतं. पोलीस पाटील कुठे आहे? अकस्मात मृत्यू त्याने ठाण्यात कळवायचा असतो, मग पंचनामा, मग प्रेत शवविच्छेदनाला रुग्णालयात. घरी यायला बहुधा दुसरा दिवस उजाडतो. म्हणजे तुम्हाला एक आख्खी रात्र मिळते: दारात माणसं बसलेली, आत दिवा लावलेला, आणि प्रेत घरात नाही. ही रात्र न लिहिता तुम्ही थेट चितेवर गेलात.

शेवट गुंडाळल्याची तक्रार पाच जणांची आहे. शेवटचा सामना नऊ पानांचा आहे, आणि तुमचा बेत तो पंचवीस करण्याचा दिसतो. करू नका. मोजा, वरच्या दुरुस्त्या केल्यावर सामन्यात शिरताना किती धागे उघडे असतील: जमीन, खोटं बोललेले तिघे, सप्टेंबरात जन्मलेला मुलगा, धुरी दिलेली मुलगी, तांब्या. पाचही त्या नऊ पानांत बांधायला गेलात तर घाई वाटणारच. जमीन आणि मुलगी यांचा निकाल तीसेक पानं आधी लावा. तिघांपैकी दोघांना आधीच उघडं पाडा. सामन्यात फक्त तो मुलगा आणि तांब्या राहू द्या. नऊ पानं पुरतील, कदाचित सात.

दुरुस्तीनंतरची फेरी नव्या वाचकांना द्या, जुन्या नऊ जणांना नको. ते आता गोष्ट वाचत नाहीत, आपला सल्ला मानला का ते बघतात. सहा जण पुरे: दोन सिंधुदुर्गातले, दोन नेहमी भयकथा वाचणारे, दोन कधीच न वाचणारे. 'कसं वाटलं' विचारू नका. पुस्तक कुठे खाली ठेवलं, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलं आणि कुठे पानं उडवली एवढ्या तीन खुणा मागा. आणि पान ६५, १३० आणि १९५ वर थांबून पुढे काय होईल असं वाटतं ते एका ओळीत लिहायला सांगा. १३० वर सहाही जणांची ओळ सारखीच आली, तर तात्या अजून फार बोलतोय.